सायकलचं चाक डुगडुगतंय? छर्रे घरीच बदला

पावसाळा उतरला की सायकलींविषयीचे प्रश्न एकदम वाढतात. फुलंब्री-पैठणकडचे पालक मुलीच्या शाळेच्या सायकलीबद्दल विचारतात, वाळूजला पाळीवर जाणारे कामगार मागच्या चाकाच्या करकरीबद्दल, तर रविवारी दौलताबाद-खुलताबादचा घाट चढणारे गिअरच्या सायकलीबद्दल. सायकली वेगवेगळ्या असल्या तरी गोंधळ तीन-चारच आहेत:

- "चाक हलतं. दुकानदार म्हणतो अख्खं चाक बदला. खरंच गरज आहे का?"
- "छर्रे टाकून आणले, महिनाभरात पुन्हा करकर सुरू."
- "कोन आवळला की चाक जाम, सैल केला की डुगडुग. मधलं काही सापडतच नाही."
- "उघडून पाहिलं तर आत छर्रेच नाहीत!"

पहिल्याचं उत्तर लगेच देऊ. बहुतेक वेळा चाक बदलावं लागत नाही. छर्रे आणि ग्रीस बदललं की काम होतं, फार तर कोन, म्हणजे ॲक्सलवरचे निमुळते भाग, बदलावे लागतात. एका चाकाचे सगळे छर्रे दोन-तीन चहांच्या पैशांत येतात. मात्र करकर ऐकूनही सायकल तशीच दामटली, तर हबमधल्या वाटीसारख्या कपाला खड्डे पडतात. कप गेला की बहुतेक सायकलींत हबच गेला, आणि हब बदलायचा म्हणजे सगळे स्पोक सोडून चाक नव्याने विणायचं. त्यामुळे 'चाक बदला' म्हणणारा दुकानदार दर वेळी फसवतोच असं नाही. पुष्कळदा आपणच उशिरा पोचलेलो असतो.

दोष बेअरिंगचाच आहे का?

उघडण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या. ही चाचणी चुकली तर चांगलं चाक उघडून बसाल आणि आवाज तसाच राहील.

1. चाक सायकलीलाच असू द्या. ॲक्सलचे नट आवळलेले आहेत ना, ते पाहा. निम्म्या 'डुगडुगी' इथेच संपतात.
2. एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्या हाताने टायरजवळ रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. रिम हलून हबमध्ये 'टक् टक्' लागत असेल, तर कोन सैल आहेत किंवा छर्रे झिजलेत.
3. चाक अधांतरी करून हळू फिरवा आणि बोटं फ्रेमच्या नळीला टेकवा. बेअरिंगची खरखर कानाला कळायच्या आधी बोटांना कळते.
4. चाक सोडून द्या. व्हॉल्व्हची बाजू जड असते, म्हणून चांगलं चाक थांबण्याआधी थोडं मागे-पुढे झुलतं. झटक्यात थबकणारं चाक आतून जाम आहे. पण ब्रेकचे रबर रिमला घासत नाहीत, हे आधी बघून घ्या.

आता बेअरिंगसारखे वाटणारे इतर दोष. रिम फिरताना लाटेसारखी हलते पण हाताने हलवली तर टकटकत नाही, तर चाक 'आउट' झालं आहे. त्याला स्पोकचं काम लागतं. फ्रीव्हील फिरताना थोडं वाकडं-तिकडं दिसणं बहुतेक सायकलींत असतंच, तो दोष नव्हे. आवाज फक्त पायडल मारतानाच येत असेल आणि पायडल थांबवल्यावर बंद होत असेल, तर बॉटम ब्रॅकेट, पायडल किंवा चेन तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर हँडलखाली धक्के बसत असतील, तर हँडलच्या कपातले छर्रे बघायला हवेत.

आपल्याकडे बेअरिंग लवकर का जातात

तीन कारणं सारखी समोर येतात. एक, धूळ. मुरमाच्या रस्त्यांवरची बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. दोन, गंगापूर-पैठण पट्ट्यातली काळी माती. पावसात ती हबच्या तोंडाशी चिकटते आणि सुकेपर्यंत ओल धरून ठेवते.

तिसरं कारण पाण्याची टंचाई, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. छत्रपती संभाजीनगर शहराच्या कित्येक भागांत नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे घरची बादली वाचवायला मोटारसायकलबरोबर सायकलही वॉशिंग सेंटरवर जाते आणि तिथला जोराचा फवारा थेट हबवर धरला जातो. सायकलच्या हबची झाकणी पत्र्याची किंवा पातळ रबराची असते. तो दाब अडवणं तिच्या आवाक्यातलं नाही. पाणी आत गेलं की बाहेर येत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत ग्रीस चहाच्या रंगाचं होतं. सायकल ओल्या फडक्याने पुसली तरी पुरेशी स्वच्छ होते. फवारा मारायचाच असेल तर हब, हँडलचा कप आणि पायडलची मधली जागा सोडून मारा.

तुमचं हब कोणत्या जातीचं आहे?

- सुट्या छर्‍यांचं हब. काळी घोडा सायकल, शाळेच्या मुलींच्या सायकली, बहुतेक बिनगिअरच्या आणि साध्या गिअरच्या सायकली यात मोडतात. ॲक्सलवर आट्यांवर फिरणारा निमुळता कोन, हबमध्ये वाटीसारखा कप आणि दोन्हींच्या मध्ये छर्रे. घरी करायला हेच सर्वांत सोपं.
- जाळीचे छर्रे. रचना तीच, फक्त छर्रे पत्र्याच्या जाळीत अडकवलेले असतात. जाळी तुटली असेल तर त्याच मापाचे सुटे छर्रे टाकता येतात. माझ्या मते तेच बरं, कारण कपात जास्त छर्रे मावतात आणि वजन वाटलं जातं.
- सीलबंद बेअरिंग. महागड्या गिअरच्या सायकलीत असतं. छर्रे आत बंदिस्त असतात, अख्खं बेअरिंगच बदलतात. चौथा प्रश्न विचारणाऱ्यांची सायकल हीच. तिच्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

मागच्या हबमध्येच गिअर असलेल्या, किंवा पायडल उलटं मारून ब्रेक लागणाऱ्या सायकलीचं हब घरी उघडू नका.

काय काय लागेल

- चाकाचे नट सोडायला पाना. मापं 14, 15 किंवा 17 पैकी असतात. सायकलीवर लावून बघूनच घ्या.
- कोन धरायला चपटा पाना (जुळवणीला असे दोन लागतात). हा पातळच हवा, कारण कोनावरची पकड दोन-तीन मिलिमीटरच रुंद असते. गिअरच्या सायकलीत पुढे बहुधा 13 आणि मागे 15 लागतो. साध्या जाड पान्याने ओढाताण केली की कोनाच्या कडा गोल होतात आणि मग तो कशानेच धरता येत नाही.
- लिथियमचं मल्टिपर्पज ग्रीस. ऑटोमोबाइलच्या दुकानात 'एमपी' किंवा 'एपी ग्रीस' म्हणून छोटा डबा मिळतो. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, जळकं इंजिन ऑइल यांतलं काहीही चालत नाही. गंज सोडवण्याचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. तो उलट असलेलं ग्रीस धुऊन टाकतो.
- धुण्यासाठी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. रॉकेल आता सहजी मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल नको. हे काम अंगणात किंवा गच्चीवर, गॅस-शेगडीपासून लांब करा. उरलेलं काळं पाणी गटारात ओतू नका, आपली पुष्कळशी गटारं शेवटी खाम नदीलाच मिळतात. ते फडक्यात टिपून वाळवून टाका.
- स्वयंपाकघरातली जुनी परात, चिमटा, सुती फडकी आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. परातीची कड उभी असल्यामुळे निसटलेले छर्रे घरंगळून कोचाखाली जात नाहीत.

छर्‍यांचं माप

इथे सर्वांत जास्त चुका होतात. सर्वसाधारणपणे पुढच्या चाकाला 3/16 इंचाचे, म्हणजे बाजाराच्या भाषेत दीड सूत, प्रत्येक बाजूला 10 छर्रे लागतात. मागच्या चाकाला पाव इंची, म्हणजे दोन सूत, प्रत्येक बाजूला 9. मिलिमीटरमध्ये 4.76 आणि 6.35. पण हा नियम सगळ्या सायकलींना लागू नाही. म्हणून जुने छर्रे आधी मोजा, मग पुडीत घालून दुकानात न्या.

शेजारीपाजारी वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कंपनीत काम करणारा फिटर किंवा टर्नर असेलच. त्याच्याकडून व्हर्निअरने एक छर्रा मोजून घ्या. झिजलेला छर्रा किंचित कमी भरतो, 6.28 आला तर तो 6.35 चाच होता, असं समजा.

जुने-नवे छर्रे कधीही मिसळू नका. "दोनच खराब दिसतात, दोनच द्या" ही काटकसर महागात पडते. नवा छर्रा केसभर मोठा असतो, त्यामुळे सगळं वजन त्याच्यावर येतं आणि तोच कपाला खड्डा पाडतो. चाकाच्या दोन्ही बाजूंचे सगळे छर्रे एकदम, एकाच पुडीतले टाका.

चाक उघडताना

1. सोडण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या ॲक्सलवर मडगार्डच्या तारा, कॅरिअर, स्टँड आणि वॉशर यांची एक ठरलेली रांग असते. ती बिघडली की मडगार्ड टायरला घासतं.
2. चाक काढून परातीत आडवं ठेवा. ॲक्सल दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे, ते पट्टीने मोजून लिहून ठेवा.
3. एकच बाजू सोडा. मागच्या चाकाची डावी, म्हणजे चेन नसलेली. उजवीकडचा कोन आणि लॉकनट हलवू नका, म्हणजे ॲक्सल परत आपल्या जागी आपोआप बसतो.
4. चपट्या पान्याने कोन धरा, दुसऱ्या पान्याने लॉकनट डावीकडे फिरवून सोडा. ॲक्सलचे आटे दोन्ही बाजूंना सरळच असतात. उलटे आटे डाव्या पायडलला असतात. तो नियम इथे लावू नका.
5. कोन काढल्यावर ॲक्सल उजवीकडून हळू ओढा. वरचे छर्रे आधी चिमट्याने काढून घ्या, मग चाक उलटं करून खालचे परातीत पाडा. दोन्ही बाजूंची संख्या लिहा.

जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला कधी लॉकनट नसतोच. पुढच्या फोर्कच्या बाहेरचा नट आवळला की कोन जागी धरला जातो. तिथे एक कोन पक्का आणि दुसरा पान्याने फिरवायचा, एवढंच लक्षात ठेवा.

फ्रीव्हील शक्यतो काढू नका. त्याच्या मधल्या भोकातून उजव्या कपापर्यंत चिमटा पोचतो. भोक अरुंद असेल, तर दुकानात खाचांची चावी लावून फ्रीव्हील सैल करून घ्या. आणि फ्रीव्हीलच्या तोंडावरची दोन टिकल्यांची चकती घरी फिरवू नका. तिचे आटे उलटे असतात आणि आत एक सुताचे बारीक छर्रे ठासून भरलेले असतात. ते एकदा सांडले की परत भरणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

काय ठेवायचं, काय टाकायचं

सगळं टर्पेंटाइनने धुऊन कोरडं पुसा. आता उजेडात बसा. महिनाभरात करकर परत येण्याचं कारण बहुतेक वेळा याच पायरीवर सापडतं, कारण दुकानात घाईत फक्त छर्रे बदलले जातात आणि कोनाकडे कोणी पाहत नाही.

कोन हातात घेतला की त्याच्या उतारावर छर्‍यांनी घासून केलेला एक चकचकीत पट्टा दिसेल. चांगल्या कोनावर तो सगळीकडून सारखा आणि आरशासारखा असतो. खराब कोनावर त्या पट्ट्यात एका बाजूला टाचणीने टोचल्यासारखी बारीक, करडी भोकं दिसतात. एकाच बाजूला, कारण ॲक्सल फिरत नाही. तुमचं वजन, दप्तर, दुधाची किटली या सगळ्याचा भार कोनाच्या खालच्या अंगावर येतो. डोळ्यांना नीट दिसत नसेल तर बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून हलकेच फिरवा. खड्डा असेल तिथे टोक अडखळतं. कपाच्या आतही तसंच करा.

- कोन गुळगुळीत, कप गुळगुळीत: फक्त छर्रे आणि ग्रीस बदला.
- कोनाला खड्डे, कप चांगला: कोनही बदला. नमुना घेऊन जा. आटे, लांबी आणि उताराचा आकार तिन्ही जुळले पाहिजेत. नवा कोन ॲक्सलवर हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. नवा कोन लगेच मिळाला नाही, तर ॲक्सल अर्धा फेरा फिरवून बसवा, म्हणजे खड्ड्यांची बाजू वर जाईल. हा थोड्या दिवसांचाच इलाज आहे.
- कपाला खड्डे: काही स्टीलच्या हबचे कप सुटे मिळतात आणि ठोकून बसवता येतात. ते काम दुकानातच करून घ्या. नसतील तर सायकलच्या किमतीचा विचार करा. साध्या सायकलीत हब विणून घेण्यापेक्षा तयार चाक स्वस्त पडू शकतं, तेव्हा दोन्हींचा भाव विचारा.
- ॲक्सल: काचेच्या टेबलावर लोळवा. मधे उजेडाची फट उघड-मिट होत असेल तर तो वाकला आहे. वाकलेला ॲक्सल ठोकून सरळ करू नका, बदला. मागे चार-सहा चक्रांचं फ्रीव्हील असलेल्या सायकलीत उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, ॲक्सलचा टोकाकडचा भाग आधाराविना राहतो आणि खड्ड्यात वाकतो. मागच्या सीटवर माणूस बसवणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

ग्रीस आणि छर्रे भरणं

कपात बोटाने ग्रीसचा जाड थर द्या. कंजूषी नको; जास्तीचं ग्रीस बाहेर येतं ते पुसता येतं. आता चिमट्याने एक एक छर्रा बसवा, ग्रीस त्याला धरून ठेवतं. मोजलेल्या संख्येएवढेच भरा. कप पूर्ण भरून छर्रे एकमेकांना खेटून बसले तर एक जास्त झाला आहे, तो काढा. जवळजवळ एक छर्रा मावेल एवढी मोकळीक कपात राहायला हवी.

एक बाजू भरून वर पुन्हा ग्रीस द्या. ॲक्सल त्याच बाजूने अलगद आत सरकवून कोन छर्‍यांवर टेकवा आणि तसाच बोटाने दाबून धरून चाक उलटं करा. मग दुसरी बाजू भरा आणि कोन हाताने फिरवत आणा. ॲक्सल आत ढकलताना एखादा छर्रा हबच्या पोटात पडतो. चाक हलवून 'खुळखुळ' ऐका. ऐकू आली तर पुन्हा काढा, तसाच ठेवू नका.

जुन्या सायकलींच्या हबला मधोमध तेलाचं भोक आणि त्यावर पत्र्याची कडी असते. ग्रीस भरल्यावर तिथून तेल सोडू नका. ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि स्पोकवरून ओघळत रिमपर्यंत जातं, म्हणजे ब्रेकही गेला.

कोन जुळवणं

आता तिसरा प्रश्न. 'आवळलं की जाम, सोडलं की डुगडुग' होण्यामागे एक साधं कारण आहे. कोनाचे आटे ॲक्सलच्या आट्यांवर किंचित सैल असतात. लॉकनट आवळला की तो कोनाला त्या सैलपणाएवढा आत ढकलतो. त्यामुळे कोन हाताने अगदी बरोबर जुळवून मग लॉकनट आवळणाऱ्याचं चाक दर वेळी जामच होतं. उपाय असा:

1. कोन हाताने छर्‍यांना टेकेपर्यंत फिरवा, मग साधारण अष्टमांश फेरा मागे घ्या. ॲक्सल थोडा हललाच पाहिजे.
2. वॉशर, लॉकनट बसवा. चपट्या पान्याने कोन जागीच धरून लॉकनट घट्ट आवळा.
3. ॲक्सल बोटांच्या चिमटीत धरून फिरवा. मग वर-खाली हलवून बघा.
4. जाम वाटलं तर सगळं सोडू नका. दोन्ही बाजूंच्या कोनांना दोन चपटे पाने लावा आणि दोन्ही कोन सोडायच्या दिशेने जरासे फिरवा. कोन मागे सरकतो आणि लॉकनटला आणखी घट्ट टेकतो.
5. सैल वाटलं तर लॉकनट सोडून कोन केसभर आत घ्या आणि पुन्हा आवळा.

पहिल्याच फटक्यात जुळत नाही. तीन-चार वेळा करावं लागतं आणि ते पूर्णपणे सामान्य आहे. इथे धीर धरा, कारण सगळ्या कामात हीच पायरी खऱ्या कसबाची आहे. बाकीचं नुसतं धुणं-पुसणं आहे.

कुठे थांबायचं, ते चाकाच्या जातीवर ठरतं. नटांचं चाक असेल तर ॲक्सल विनासायास फिरावा आणि टकटक अजिबात नसावी. खटका दाबून लागणारं, म्हणजे क्विक रिलीजचं चाक असेल तर हातात धरल्यावर किंचित खेळ राहू द्या. खटका बंद केला की पोकळ ॲक्सल दाबला जातो आणि तो खेळ नाहीसा होतो. हातातच अचूक जुळवलेलं असं चाक सायकलीवर चढल्यावर घट्ट होतं, आणि नव्या छर्‍यांना सैलपणापेक्षा घट्टपणाच जास्त मारतो.

चाक परत चढवताना

फोटो समोर ठेवा आणि त्याच क्रमाने वॉशर लावा. पुढच्या फोर्कमध्ये अडकणारा आकड्याचा वॉशर गाळू नका. नट सैल झाला तरी चाक निसटू नये, म्हणून तो असतो. बिनगिअरच्या सायकलीत मागचं चाक ओढून चेन ताणताना मधोमध बोटाने दाबल्यावर चेन अर्धा इंच हलली पाहिजे. दोन्ही नट आलटून-पालटून आवळा. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

मग सुरुवातीच्या चारही चाचण्या पुन्हा करा. आधी गल्लीत हळू चालवा, ब्रेक मारून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा रिम हलवून बघा. नवे छर्रे बसले की थोडा खेळ निघतो, तो पान्याच्या एका हालचालीत जातो. दौलताबादच्या घाटातला उतार हे नव्याने जुळवलेल्या चाकाची चाचणी घ्यायचं ठिकाण नाही.

रोज वापरातल्या सायकलीला हे काम वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. ओझं वाहणारी सायकल असेल तर मे महिन्यातही एकदा.

सीलबंद बेअरिंगवाल्यांसाठी

तुमचं काम वेगळं आहे आणि एका अर्थी सोपं. बेअरिंगच्या कडेला क्रमांक कोरलेला असतो. 6902 म्हणजे आतलं भोक 15, बाहेरचा व्यास 28, जाडी 7 मिलिमीटर. 6001 म्हणजे 12, 28, 8. 6000 म्हणजे 10, 26, 8. हे जगभर एकच. त्यामुळे सायकलच्याच दुकानात शोधत बसू नका. आपलं शहर वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांचं आहे, बेअरिंग बनवणाऱ्या एनआरबीचेही कारखाने वाळूजला आणि जालन्याला आहेत. औद्योगिक बेअरिंग विकणाऱ्या दुकानात हे क्रमांक सांगा. क्रमांकामागे '2आरएस' असलेलं मागा. त्याला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं. 'झेडझेड' म्हणजे पत्र्याची झाकणी, ती पावसाला टिकत नाही.

काढताना आतल्या बाजूने दांडा टेकवून चारही अंगांनी हलके ठोके द्या. बसवताना लांब बोल्ट आणि मोठे वॉशर वापरून नट फिरवत दाबा आणि दाब फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर येऊ द्या. आतल्या कड्यावर ठोका बसला की नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. दाब सारखा वाटला जावा म्हणून जुनं बेअरिंग वापरता येतं: नव्यावर जुनं ठेवून दाबा. गिअरच्या बाजूच्या फ्रीहबमधलं बेअरिंग मात्र खास हत्याराविना निघत नाही, तेवढं सायकलच्या दुकानाकडे सोपवा.

दुकानात आणि नव्या सायकलीबाबत तुमचे हक्क

दुकानात 'ओव्हरऑइलिंग' सांगाल तेव्हा तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: छर्रे सगळे नवे टाकणार का, कोन दाखवणार का आणि जुने भाग परत देणार का. जुने भाग मागणं हा अविश्वास नाही. चांगला मिस्त्री ते स्वतःहून दाखवतो. बिल मागा, 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, जुन्या दराने आकारणी झाली तर विचारा.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकलीचं अनुदान मिळतं. त्याचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. अनुदान मुलीच्या बँक खात्यात येतं आणि सायकल घरचे घेतात. म्हणजे खरेदीदार तुम्हीच आणि ग्राहकाचे सगळे हक्कही तुमचेच. 'सरकारी सायकल आहे, तक्रार कोणाकडे करणार' हा समज सोडून द्या. नवी सायकल घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात रिम हलवण्याची आणि चाक फिरवण्याची चाचणी करा. कोन जास्त आवळलेले असतील तर दुकानदाराकडून लगेच सैल करून घ्या. वॉरंटी कार्ड नीट वाचा, झिजणारे भाग पुष्कळदा त्यातून वगळलेले असतात. पण जुळवणीच चुकीची असणं ही झीज नव्हे, हे ठामपणे सांगा.

दुकानदार ऐकत नसेल तर:

- आधी लेखी तक्रार द्या. व्हॉट्सॲपवर तारखेसह पाठवली तरी पुरावा राहतो.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लावा.
- त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुरुस्ती ही सेवा असल्याने निकृष्ट दुरुस्तीचीही तक्रार होते.

या सगळ्यासाठी खराब निघालेला कोन आणि छर्रे फेकू नका. पुडीत बांधा, तारीख घाला आणि बिलाला टाचून ठेवा. वस्तूत दोष होता की वापरात, असा वाद निघाला तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, आणि तेव्हा फोटोपेक्षा तो कोनच कामी येतो.